रुग्णालय-मालिका

रुग्णालय-मालिका : रुग्णालय हेच घटनास्थळ आणि तिथल्या डॉक्टर-परिचारिकांचे रोजचे काम हाच कथेचा कणा असलेली दूरचित्रवाणी मालिका. पहिलेपणाचा मान बहुतेक संदर्भग्रंथ अमेरिकेतील ‘सिटी हॉस्पिटल’ला (१९५१) देतात. १९५४ साली सुरू झालेल्या ‘मेडिक’ची संहिता मात्र लॉस अँजेलिस परिसरातील डॉक्टरांच्या संघटनेकडून तपासून घेतली जाई. नुसते इस्पितळाचे नेपथ्य पुरेसे न मानता वैद्यकीय अचूकता हा निकष लावला, तर या प्रकाराचा आरंभ ‘मेडिक’पासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. ब्रिटनमधील ‘इमर्जन्सी वॉर्ड १०’ (१९५७) त्यानंतरची.

दिग्दर्शकाच्या दृष्टीने या प्रकारातील सर्वांत अभ्यासनीय काम मिमी लेडर यांनी ‘ईआर’ (‘इमर्जन्सी रूम’, १९९४–२००९) या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या वर्षात केले. ‘ब्लिझर्ड’ या भागात बर्फाने रस्ते बंद पडल्यामुळे तातडीचा विभाग रिकामा असतो, कर्मचारी एकमेकांच्या खोड्या काढत बसतात. मग साखळी अपघातातले जखमी एकदम येऊन पडतात. ९ मार्च १९९५ रोजी दाखवलेला ‘लव्हज लेबर लॉस्ट’ याहून सरस. डॉ. ग्रीन एका गरोदर स्त्रीला मूत्रमार्गाच्या संसर्गाचे औषध देऊन घरी सोडतात. थोड्याच वेळात तिला झटके येतात आणि इक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा जीवघेणा विकार) असल्याचे उघड होते. पुढे बाळाचे खांदे अडकतात, वार सुटते, पोट उघडून बाळ वाचते, पण आईचे रक्त गोठेनासे होऊन ती दगावते. लेडर या सगळ्यात कॅमेरा खोलीबाहेर फारसा जाऊ देत नाहीत. नवऱ्याला बातमी सांगितली जाते ती काचेपलीकडे; शब्द ऐकू येत नाहीत. शेवटी ग्रीन घरी जाणाऱ्या रेल्वेगाडीत एकटे रडतात. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते चुकलेले निदान इतक्या प्रामाणिकपणे पडद्यावर क्वचितच आले असेल. लेडर आणि पटकथाकार लान्स जेंटाइल (स्वतः तातडीच्या विभागातले डॉक्टर) या दोघांनाही एमी हे अमेरिकी दूरचित्रवाणी पारितोषिक मिळाले.

भागात इक्लॅम्प्सियाचे झटके थांबवण्यासाठी वापरलेल्या मॅग्नेशियम सल्फेटबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेत ते रूढ होते. ब्रिटनमध्ये डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाकडे कल होता, तर भारतात बराच काळ भारतीय प्रसूतितज्ज्ञ मेनन यांच्या पद्धतीचे गुंगीच्या औषधांचे मिश्रण चाले. भारतासह अनेक देशांतील १,६८७ स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष जून १९९५ मध्ये, म्हणजे हा भाग दाखवल्यावर तीन महिन्यांनी, प्रसिद्ध झाला आणि मॅग्नेशियमचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले. वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयासारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत आज तेच पहिले औषध.

वडोदऱ्यातील मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. याच शहरात १९३४ साली जन्मलेल्या विजया मेहता (माहेरच्या जयवंत) यांनी ‘रंगायन’च्या रंगभूमीवरून आणि ‘स्मृतिचित्रे’, ‘रावसाहेब’, ‘पेस्तनजी’ या चित्रपटांवरून पुढे येत १९९१च्या सुमारास दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ (‘जीवनरेखा’) ही रुग्णालय-मालिका दिग्दर्शित केली. साल बरोबर धरले तर ती ‘ईआर’च्या तीन वर्षे आधीची. तीत तन्वी आझमी डॉक्टरच्या भूमिकेत होत्या.