टाकून दिलेला सिद्धांत बुधावर खरा ठरला

पर्वत कसे तयार झाले, याचं एकोणिसाव्या शतकातलं उत्तर सरळ होतं. पृथ्वी निवतेय, निवताना आकसतेय आणि तिच्या कवचाला पडलेल्या वळ्या म्हणजे पर्वत. एडुआर्ड झ्यूस यांच्यासारख्या मातब्बर भूवैज्ञानिकाचीही हीच भूमिका होती. १९६० च्या दशकात भूपट्टांच्या, म्हणजे कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, हालचालींचे पुरावे मिळाले आणि आकसणारी पृथ्वी अडगळीत गेली.

पुढच्याच दशकात तिची आठवण काढावी लागली. १९७४-७५ मध्ये मरिनर १० यान तीन वेळा बुधाजवळून गेलं. निम्म्याहून कमीच पृष्ठभाग टिपता आला, पण त्यातही शेकडो किलोमीटर लांबीचे नागमोडी कडे होते. त्यांना नावं मिळाली ती शोधमोहिमांवर गेलेल्या जहाजांची. त्यातला डिस्कव्हरी कडा रामो नावाच्या विवरातून आरपार जातो. विवराचा तळ कड्याच्या एका बाजूला उचललेला आहे. म्हणजे विवर आधीचं, प्रस्तरभंग (खडक जिथे सरकतो ती भेग) नंतरचा. दाबाखाली कवच फाटलं आणि एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला. बुधाचं कवच अखंड आहे, त्यात भूपट्ट नाहीत. त्यामुळे १९७५ मध्ये रॉबर्ट स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की अख्खा ग्रहच आकसलाय.

आकडा मात्र जुळेना. कड्यांवरून त्रिज्या एक-दोन किलोमीटरच घटल्याचं दिसे, तर ग्रह निवण्याचं गणित त्याहून बरंच जास्त सांगे. मेसेंजर यानाने २०११ पासून बुधाभोवती फिरत संपूर्ण ग्रह टिपला, तेव्हा २०१४ मध्ये हा अंदाज ७ किलोमीटरपर्यंत गेला. गणित चुकलं नव्हतं, नकाशा अपुरा होता.

चंद्रावरही असे कडे आहेत, फक्त लहान. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ली-लिंकन कड्यावर गाडीच चढवली होती! मंगळाची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या सर्बेरस फोसी भागात कवच ताणलं जाऊन भेगा पडल्या आहेत आणि मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने नोंदवलेले बरेचसे मोठे भूकंप तिथलेच.

बुधावर भूकंपमापक अजून पोचलेला नाही. मेसेंजरने अखेरच्या काळात खूप खाली उतरून काढलेल्या छायाचित्रांत मात्र शंभर मीटरहूनही कमी उंचीचे कडे सापडले. इतके छोटे कडे उल्कांच्या माऱ्यात फार काळ टिकत नाहीत. तेव्हा बुधाचं आकसणं अजून चालू असावं, असं २०१६ मध्ये मांडलं गेलं. ही जवळची छायाचित्रं उत्तर गोलार्धातली आहेत. दक्षिणेचा तपशील आता बेपीकोलंबो यानाकडून अपेक्षित आहे.