भोपाळच्या गॅसपासून सोयाबीनच्या तेलापर्यंत : सायक्लिक कार्बोनेटची पार्श्वभूमी

आपल्या वाशिम-यवतमाळकडं सोयाबीन म्हटलं की तेल, ढेप आन् भाव एवढंच बोलणं होते, पण याच तेलापासून पॉलीयुरेथेन (फोम-गाद्यांचं प्लास्टिक) बनते आन् तेही फॉस्जीन हा विषारी गॅस न वापरता, हे बीएस्सीच्या पोरायले कोणी सांगत नाही म्हणून लिहून ठेवतो.

फॉस्जीन 1812 मध्ये जॉन डेव्हीनं बनवला, पहिल्या महायुद्धात तो माणसं मारायले वापरला, आन् पुढं तोच प्लास्टिक, युरेथेन, कीटकनाशकांचा कच्चा माल झाला. 1984 च्या डिसेंबरात भोपाळले जो मिथाईल आयसोसायनेट हा विषारी गॅस सुटला तो फॉस्जीनपासूनच बनवत होते, सेव्हिन नावाच्या कीटकनाशकासाठी. नागपूरवरून रेल्वेनं काही तासांवर भोपाळ, म्हणून फॉस्जीन टाळणारी केमिस्ट्री मले लय मोलाची वाटते.

अशा केमिस्ट्रीतला एक गडी म्हणजे सायक्लिक कार्बोनेट : पाच अणूंची रिंग, तीन कार्बन दोन ऑक्सिजन, इपॉक्साईड आन् कार्बन डायऑक्साईड जोडून बनते. इपॉक्साईडची तीन अणूंची रिंग ताणलेल्या कमानीसारखी राहते, पण कार्बन डायऑक्साईड मोठा थंड गडी, आपणहून काही करत नाही, म्हणून कॅटॅलिस्ट (क्रिया वेगात करणारा पदार्थ) लागते. कॅटॅलिस्टमधला ब्रोमाईड इपॉक्साईडची रिंग उघडते, मोकळा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साईड पकडते, रिंग पुन्हा मिटते आन् ब्रोमाईड जसाच्या तसा बाहेर, वाया काहीच जात नाही.

1969 मध्ये जपानच्या इनोउएंनी झिंकच्या कॅटॅलिस्टनं इपॉक्साईड आन् कार्बन डायऑक्साईडचं पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) बनवलं, तिथून या विषयाले जोर आला. 2002 मध्ये तैवानात असाही कासेई या जपानी कंपनीच्या पद्धतीनं पॉलीकार्बोनेटचा कारखाना सुरू झाला, फॉस्जीनच्या जागी इथिलीन कार्बोनेट या सायक्लिक कार्बोनेटचा रस्ता धरून.

औषधांसाठी लागणारे रेणू बनवणाऱ्यांनी वेगळीच वाट काढली. कार्बोनेटच्या रिंगवर व्हिनाईल गट (दुहेरी बंध असलेले दोन कार्बन) असला की पॅलेडियम धातूचं कॅटॅलिस्ट रिंग उघडते, कार्बन डायऑक्साईड उडून जाते आन् त्या जागी अमीनसारखं (नायट्रोजनवालं संयुग) काही जोडता येते, स्पेनच्या तारागोनात आर्यन क्लेई यांच्या गटानं यावर भरपूर काम केलं. पण इथं गॅस परत हवेतच जाते, त्याले कार्बन साठवणं म्हणू नये असं माझं मत.

2004 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या लोकांनी इपॉक्साईड केलेल्या सोयाबीन तेलात ब्रोमाईड मीठ टाकून साध्या दाबावर 110 अंशाले कार्बन डायऑक्साईड सोडला, कार्बोनेट झालेल्या तेलात अमीन टाकलं आन् नेहमीच्या पद्धतीत लागणाऱ्या, फॉस्जीनपासून बनणाऱ्या आयसोसायनेटशिवाय पॉलीयुरेथेन मिळालं. अडचण एवढीच की तेलातल्या रिंगा साखळीच्या मधोमध असतात, अमीन तिथं हळू लागते, म्हणून तो टप्पा वेगात करणारे कॅटॅलिस्ट अजून शोधणं चालू आहे.