जळगावचे 25 हजार म्हणजे पुण्याचे 50 हजार?

हा पगाराचा हिशोब खान्देशातल्या ग्रुपांवर कितीतरी वर्षं फिरतोय. पुणं महाग आहे हे खरंच, पण सगळंच दुप्पट नाही.

मोठा फरक घरभाड्याचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे भत्ते बघा: महागाई भत्ता दोन्हीकडे सारखा, घरभाडे भत्त्याचा टक्का मात्र पुण्याला जळगावच्या तिप्पट. छापील किमतीची औषधं, साबण, मोबाइलचं रिचार्ज यांत फरक नाही. घरगुती विजेचं दरपत्रकही एकच. म्हणून अख्खा पगार दोनने गुणणं चुकतं.

पडताळायचं तर महिन्याचा खर्च कागदावर मांडा. भाडं, जाणं-येणं, मुलांची फी, कामवाली एवढे आकडे पुण्यातल्या ओळखीच्यांकडून घ्या, बाकीचे तसेच ठेवा. समजा, जळगावात 25 हजारांतले 6 हजार भाड्याला जातात आणि पुण्यात तशाच घराला 15 लागतात. वरचे 9 हजार आणि प्रवासाचे जादा 3 धरले, तर 37 हजारांत तीच राहणी जमते.

जळगावात घर स्वतःचं असेल तर गणित बदलतं. भाड्याचे पूर्ण 15 हजार नव्याने सुरू होतात, आकडा 43 वर जातो. शेतातली दादर ज्वारी घरी येत असेल, तर तीही पुण्यात विकत! उलट एकट्या पोराने तिघांत खोली घेतली, तर 37 सुद्धा लागत नाहीत.