शेपटी सोडा, बोटं बघा: पानशेपटीच्या दोन पाली

पेटीत सोडलेली पाल काचेवर चढली का? एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं. सरसर चढली तर ती मादागास्करची. काचेच्या तळाशी नखं खरवडत राहिली तर ऑस्ट्रेलियाची. इंग्रजीत दोघींना एकच नाव आहे, 'लीफ-टेल्ड गेको'. आपण पानशेपटी पाल म्हणू. दोघींच्या शेपट्या चपट्या आणि पसरट. दोघी रात्री फिरतात. दिवसा सालीवर किंवा दगडावर अशा विरून जातात की समोर असून दिसत नाहीत. दोघींना पापण्या नाहीत, म्हणून दोघी जिभेनं डोळे पुसतात. मग एकीसाठी लिहिलेल्या सूचना वाचून कुणीतरी दुसरीला पाळतं. एकटी पाल असेल तर असली चूक ती काही दिवस सोसतेही. जोडी ठेवून पिल्लं काढायची असतील तर मात्र सगळा फटका अंड्यांना बसतो.

नाव एक आहे, घराणं एक नाही. सगळे कुलकर्णी एकमेकांचे नातलग असतातच असं नाही, तसंच हे. मादागास्करच्या पालींचं कुळ युरोप्लाटस. ते गेकोनिडी या घराण्यातलं, आणि आपल्या ट्यूबलाइटमागून चुकचुकणारी पालही त्याच घराण्यातली. ऑस्ट्रेलियाच्या फायल्युरस आणि सॅल्ट्युएरियस या पाली कार्फोडॅक्टिलिडी घराण्यातल्या. त्यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद कोण, तर ऑस्ट्रेलियातलेच जवळजवळ बिनपायाचे, सापासारखे दिसणारे सरडे. म्हणजे नात्यानं पाहिलं तर मादागास्करच्या पानशेपटीला ऑस्ट्रेलियाच्या पानशेपटीपेक्षा आपल्या स्वयंपाकघरातली पाल जवळची. पानासारखी शेपटी दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे आली. सालीवर चिकटून सावली पुसून टाकायची असेल तर शरीर चपटं करण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून दोघी एकाच उपायावर पोचल्या.

शेपटीवरून ओळखायला गेलात तर फसाल. युरोप्लाटस फॅन्टॅस्टिकस ही मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी जंगलातली बोटाएवढी पाल. तिची शेपटी म्हणजे किड्यांनी कडा कुरतडलेलं, मधली शीर उठून दिसणारं वाळकं पान. त्याच कुळातल्या युरोप्लाटस एबेनॉईची शेपटी मात्र आखूड, छोट्या चमच्यासारखी. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आसपासच्या फायल्युरस प्लाट्युरसची शेपटी पिंपळपानाच्या आकाराची आणि काटेरी. ती तुटली तर नवी येते, पण गुळगुळीत आणि बिनकाट्यांची. असा प्राणी हाताशी आला तर शेपटी काहीच सांगत नाही. बोटं बघा. युरोप्लाटसच्या बोटांच्या टोकाला आपल्या घरातल्या पालीसारख्या पसरट गाद्या असतात, त्यांच्या जोरावर ती काचेवरही चिकटते. ऑस्ट्रेलियाच्या पालींची बोटं बारीक, वाकडी, पक्ष्याच्या पायासारखी. नुसती नखं, गादी नाही. खडबडीत वालुकाश्मावर आणि झाडाच्या सालीवर नखांनी भागतं. दुसरी खूण अंगाच्या कडांना. युरोप्लाटसच्या अनेक जातींना हनुवटीपासून कुशीपर्यंत कातडीची झालर असते; ती सालीवर पसरली की शरीराची कड दिसेनाशी होते. ऑस्ट्रेलियाच्या पालींना झालरीऐवजी काटे आणि पुटकुळ्या.

सतराव्या शतकात एत्येन द फ्लाकूर या फ्रेंच माणसानं मादागास्करविषयी लिहिताना अशा पालीचं स्थानिक नाव नोंदवलं, 'फामोकांत्राता', म्हणजे छातीवर उडी मारणारी. पाल अंगावर पडली की काय होतं याचं कोष्टक आपल्या पंचांगातही असतं, तेव्हा आपण हसू नये.

आता जोडीची गोष्ट. युरोप्लाटस घेणाऱ्यासमोर आणखी एक गल्लत उभी असते, ती कुळाच्या आतलीच. बाजारात वर्षानुवर्षं 'एबेनॉई' म्हणून विकली गेलेली बरीच पाल प्रत्यक्षात वेगळी निघाली. मादागास्करच्या उत्तरेकडच्या आंब्र डोंगरावरच्या त्या पालीला २०११ मध्ये युरोप्लाटस फिनियावाना असं नाव मिळालं. फरक कुठे, तर तोंडाच्या आत. एबेनॉईच्या तोंडाचं अस्तर काळपट, फिनियावानाचं तसं नाही. २०२३ मध्ये वेगळी ठरलेली गारामासो ही मोठी जात त्याआधी हेन्केली ही दुसरीच जात समजली जायची. तिथेही पहिला धागा जिभेच्या टोकाच्या रंगाचा होता. म्हणून दोन दुकानांतून एक नर आणि एक मादी आणून पेटीत घातली म्हणजे जोडी झाली असं नाही. माझा तरी सल्ला असा, की एकाच ठिकाणी, पेटीत जन्मलेल्या आणि ज्यांचे आईबाप माहीत आहेत अशाच घ्याव्यात. जंगलातून पकडून आणलेली पाल वाळलेली, पोटात जंत घेऊन येते, आणि मादी बहुतेकदा आधीच गाभण असते. तिनं घातलेल्या अंड्यांचं श्रेय तुमच्या नराला देऊ नका.

नर ओळखणं दोन्हीकडे सारखंच: वयात आलेल्या नराच्या शेपटीच्या मुळाशी खालून फुगवटा दिसतो. एका पेटीत दोन नर ठेवू नयेत, हेही दोन्हीकडे सारखं.

पेटी मात्र अजिबात सारखी नाही. युरोप्लाटसला उंच पेटी, बारीक आडव्या-उभ्या फांद्या, जिवंत झाडं, तळाशी पालापाचोळा, आणि जाळी हवी, नाहीतर कोंदट होतं. फॅन्टॅस्टिकससारख्या डोंगरी जातीला दिवसा २० ते २४ अंश आणि रात्री त्याहून गार. पारा २७-२८ च्या वर काही दिवस राहिला की ती खाणं सोडते, मग सुकते. आपल्याकडे पाल म्हणजे उकाड्यातला प्राणी, त्यामुळे हे आधी पटतच नाही. विदर्भातल्या मे महिन्यात ही जोडी सांभाळायची म्हणजे चोवीस तास एसी, आणि वीज गेली तर काय, याचं उत्तर आधीच तयार. पाणी ती वाटीतून क्वचितच पिते. पानांवरचे थेंब चाटते. म्हणून रात्री चांगलं भिजेपर्यंत फवारा मारायचा आणि दिवसा वरचं थोडं वाळू द्यायचं.

फायल्युरसला फांद्यांची हौस नाही. तिला भेग हवी. सपाट दगड किंवा कॉर्कच्या सालीचे तुकडे एकावर एक, मधे बोटभर फट ठेवून. दगड चिकटवून किंवा अडकवून पक्के करा, कारण खाली माती उकरली गेली तर थर कोसळतो आणि पाल चिरडते. सिडनीचा हिवाळा ती उघड्यावर काढते, तेव्हा थंडीची तिला धास्ती नाही. उलट हिवाळ्यात दोन-तीन महिने गारवा मिळाला तरच वसंतात नर-मादीचं जमतं. एका भेगेत अनेक पाली सापडतात आणि माद्या एकाच जागी अंडी घालतात, त्यामुळे जोडी म्हणून राहायला तिची फारशी तक्रार नसते. युरोप्लाटसची मादी मात्र नराच्या सततच्या पाठलागानं झिजू शकते. कंबरेची हाडं वर आलेली दिसली की नर दुसऱ्या पेटीत.

खरा फरक अंड्यांत आहे. दोघीही एका वेळी दोनच अंडी घालतात, आणि लोक इथेच गाफील राहतात.

फोटोफ्रेम उतरवली की मागे दोन पांढऱ्या गोट्या दिसतात ना? कडक, खडूसारख्या. युरोप्लाटसची अंडी त्याच जातकुळीची. घालताना मऊ, हवा लागताच कडक. फक्त ती भिंतीला चिकटवत नाही. पाचोळ्याखाली किंवा शेवाळात सुटी ठेवते. फॅन्टॅस्टिकसचं अंडं मटारच्या दाण्याएवढं. या कवचासाठी चुना लागतो, आणि तो मादी आधीपासून साठवते. या घराण्यातल्या पालींच्या मानेच्या दोन्ही बाजूंना त्यासाठी पिशव्या असतात. खाऊ घालायच्या कीटकांवर कॅल्शियमची पूड आणि जीवनसत्त्व डी-३ लावायला विसरलात तर एक-दोन वेळा अंडी होतात, मग मादीच्या जबड्याची आणि पायांची हाडं मऊ पडू लागतात.

कडक अंड्याच्या आत लागणारं पाणी बहुतेक सगळं आधीच भरलेलं असतं. त्याला हवेत ओलावा पुरतो. अंडी बाटलीच्या झाकणात किंवा कोरड्या व्हर्मिक्युलाइटवर (कुंड्यांत वापरतात त्या हलक्या, भुसभुशीत खनिजावर) ठेवायची, डब्यात बाजूला ओला कापूस, आणि डबा २० ते २२ अंशांच्या आसपास. दोन ते तीन महिने धीर धरायचा. ओल्या मातीत पुरली तर बुरशी धरते.

फायल्युरस आणि सॅल्ट्युएरियसची अंडी याच्या नेमकी उलटी. कवच चामड्यासारखं, लांबट, दाबलं तर खोलगट होणारं. ते दिवसेंदिवस आजूबाजूचं पाणी शोषून फुगत जातं. याला ओलं व्हर्मिक्युलाइट हवं: मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा व्हावा, थेंब पडू नये. कोरड्या झाकणात ठेवलं तर आठवड्याभरात सुरकुतून खळगा पडतो. थोडक्यात, जी ओल एकीचं अंडं जगवते तीच दुसरीचं कुजवते. दोन्ही अंड्यांना लागू असा एकच नियम: सापडलं त्याच बाजूनं उचला आणि वर पेन्सिलीनं बारीक खूण करा. काही दिवस झालेलं अंडं उलटं फिरवलं तर आतला जीव बुडतो.

पिल्लं निघाली की युरोप्लाटसच्या घरात फळमाश्यांची बाटली आधीच तयार असायला हवी. एवढ्याशा तोंडात मोठा क्रिकेट, म्हणजे रातकिडा, जात नाही.

कायद्यानंही या दोघींना वेगळं ठेवलं आहे. युरोप्लाटसची सगळी जातकुळी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार करार 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात घ्यायचं ठरलं, त्यामुळे तिची ने-आण परवान्यावरच. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आणली, आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जोडीला पिल्लं झाली तर तीही कळवायची. ऑस्ट्रेलियानं आपले सरडे-पाली व्यापारासाठी जिवंत बाहेर नेण्यावर बंदीच घातली आहे, म्हणून बाहेर कुठे फायल्युरस विकायला दिसली तर तिचे पणजोबा सीमा कशी ओलांडून आले हे विचारावं. उलट ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला युरोप्लाटस पाळता येत नाही. परदेशी पाली घरात ठेवायला तिथे मनाई आहे. न्यू साउथ वेल्समध्ये फायल्युरस पाळायलाही परवाना लागतो, आणि रानातून उचलून आणलेली चालत नाही.

सिडनीच्या वालुकाश्माच्या उपनगरांत राहणाऱ्या कुणाच्या गॅरेजच्या भिंतीवर रात्री पिंपळपानाची शेपटी घेऊन ती बसलेली दिसते. विटेला नखं रोवून, डोकं खाली करून. तिला पेटी नको आणि जोडीही आपण शोधून द्यायला नको. दिवा घालवा, ती आपल्या भेगेत जाईल.