पदेराचा भोंगा आणि पाच मीटरची दोरी

गोव्यात ताळगावला आमच्या गल्लीत संध्याकाळी पदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे निळं प्लॅस्टिक घातलेली टोपली, तीत उंडे आणि काकणं हे गोव्याचे पाव, आणि हँडलला तो रबरी भोंगा. भोंगा वाजला की गल्लीतली सगळी कुत्री उठतात. शेजारच्या काकांचा टायगर तर उसळतोच. वीसेक किलोचा, गावठी, आणि पावाचा भक्त.

मागच्या महिन्यात काकांनी त्याच्यासाठी आपोआप गुंडाळली जाणारी लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, आणली. मुठीत प्लॅस्टिकची डबी, आत पाच मीटर बारीक दोरी. दुकानदार म्हणाला होता, "कुत्र्याला मोकळीक मिळते, त्यामुळे तो ओढत नाही." पहिल्याच दिवशी भोंगा वाजला, टायगर सुटला, दोरी संपली आणि टायगर हवेत अर्धा वळून पाठीवर आपटला. डबी काकांच्या हातातून निसटली आणि दगडांवर खडखडत त्याच्या मागून धावू लागली. तिला घाबरून तो आणखी पळाला. शेवटी पदेरानेच त्याला पकडलं.

काकांना वाटलं, दोरी कच्ची. मला त्यात नववीचं भौतिकशास्त्र दिसलं. शिकवण्यातून निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

टायगर जागेवरून उसळताना दर सेकंदाला वेगात 4 मीटर प्रतिसेकंदाची भर घालतो असं धरू. धडधाकट कुत्र्याला हे जड नाही. वस्तुमान 20 किलो, म्हणजे त्याच्या पायांचा जोर 20 गुणिले 4, 80 न्यूटन. साध्या भाषेत आठ किलोचं ओझं. हे तर आपण एका हाताने पेलतो! मग काका का पेलू शकले नाहीत?

कारण दोरी ढिली असताना हा आठ किलोचा जोर नुसता साठत जातो. जोर गुणिले अंतर म्हणजे ऊर्जा. एक मीटर ढील असेल तर 80 ज्यूल, पाच मीटर असेल तर 400 ज्यूल. दोरी ताणली की ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, आणि जिरायला अंतर मिळतं ते फक्त हात पुढे खेचला जाईल तेवढं, दोरी ताणेल तेवढं आणि कातडी दबेल तेवढं. सगळं मिळून 20 सेंटिमीटर धरा. ऊर्जा तीच, अंतर कमी, म्हणजे बल तितक्या पटीने जास्त. म्हणून झटक्याचं बल काढायला एवढंच पुरतं: कुत्र्याचा जोर, गुणिले ढील, भागिले थांबण्याचं अंतर.

एक मीटर ढील असेल तर 100 भागिले 20, म्हणजे पाच पट: चाळीस किलो. पाच मीटर ढील असेल तर पंचवीस पट: दोनशे किलो! आठ किलोचे दोनशे झाले ते कुत्र्याच्या ताकदीमुळे नाही, आपण दिलेल्या "मोकळीकी"मुळे.

जाणकार वाचक इथे दोन हरकती घेतील. पहिली अशी की वेग वाढतो तशी कुत्र्याची वेग घेण्याची क्षमता घटते, म्हणून पाच मीटरचा आकडा प्रत्यक्षात थोडा कमी येईल. मान्य. दुसरी अशी की हे बल सरासरी आहे. दोरी स्प्रिंगसारखी ताणत असेल तर बल शून्यापासून वाढत जातं आणि त्याचं शिखर सरासरीच्या दुप्पट असतं (ताण आणि बलाच्या आलेखाखाली त्रिकोण येतो, त्याचं क्षेत्रफळ ऊर्जेएवढं). म्हणजे दुसरी हरकत काकांच्याच विरोधात जाते. त्रिकोण नको असेल त्यांनी तो सोडून पुढे यावं, बिघडत काही नाही.

हे सूत्र मांडवी नदीच्या काठी गरी टाकून बसणाऱ्याला न शिकता येतं. मोठा मासा लागला की तो दांडी वाकू देतो, दोरा सोडतो, कारण ताठ धरला तर दोरा तुटतो. सह्याद्रीतले गिर्यारोहक पडण्यापासून वाचण्यासाठी वापरतात ती दोरीही मुद्दाम ताणणारी असते. आपल्याला इतकं काही नको. दीड मीटरची, हातात धरवेल अशा जाडीची साधी लीश, आणि कुत्रा सुटला की जागेवर पाय न रोवता त्याच्यासोबत दोन पावलं जायचं. वीस सेंटिमीटरचे साठ होतात, झटका एक तृतीयांश. बारीक दोरी चालत्या कुत्र्यासोबत बोटांवरून सरकली तर कातडी सोलते, हे वेगळंच.

आता हा झटका लागतो कुठे? दोन सेंटिमीटर रुंद गळपट्टा घ्या, त्याचा दहा सेंटिमीटर भाग मानेला टेकलेला. चाळीस किलो भागिले वीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 200 किलोपास्कल दाब. आपला वरचा रक्तदाब 120 म्हणतो तो सुमारे 16 किलोपास्कल. हे निमिषभरच असतं, पण त्या जागी श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे, मोठ्या शिरा आहेत. 2020 साली ‘व्हेटर्नरी रेकॉर्ड’मध्ये कृत्रिम मानेवर गळपट्टे ओढून पाहिल्याचा अभ्यास आला होता, त्यात 83 ते 832 किलोपास्कल दाब मोजला गेला. ओढणाऱ्या कुत्र्यासाठी एकही पट्टा निर्धोक ठरला नाही. त्याआधी 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात गळपट्टा ओढला असता डोळ्यांतला दाब वाढला, हार्नेस (मानेऐवजी अंगाभोवती बांधायचे पट्टे) ओढला असता तसा वाढला नाही. चपट्या नाकाचे पग पाळणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं.

म्हणून हार्नेस. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा, ओढ बरगड्यांवर घेणारा, आत दोन बोटं जातील इतका सैल. पण त्याचंही देव्हारं माजवू नका. "खांदे मोकळे ठेवणारा" म्हणून विकला जाणारा हार्नेस 2019 च्या एका मोजणीत खांद्याची हालचाल आडव्या पट्ट्याच्या हार्नेसपेक्षा जास्त आखडताना दिसला. शिवाय हार्नेस घातला म्हणून कुत्रा ओढायचा थांबत नाही. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात. पाठीऐवजी छातीवर कडी असेल तर ओढणारा कुत्रा आपोआप बाजूला वळतो, एवढा फायदा खरा. गळपट्टा राहू द्या, फोन नंबरच्या बिल्ल्यापुरता.

आणि दृष्ट लागू नये म्हणून पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधणाऱ्यांनो, दाबाचं गणित तिथेही लागू आहे. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. केसांखाली तो कातडीत रुततो आणि वास येईपर्यंत कळत नाही. गोचिडी पळवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक (कानाला न ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या) बिल्ल्याने निदान जखम होत नाही. गोचिडीही जात नाहीत.

गोव्यात आणखी एक भानगड आहे, हवा. चामड्याचा पट्टा जूनमध्ये खुंटीला टांगा, ऑगस्टमध्ये त्यावर हिरवी बुरशी असते, चपलांवर असते तशीच. नायलॉनचा घ्या. पण खरा घात लीश पट्ट्याला अडकवायच्या हूकमध्ये. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात मुलामा दिलेल्या लोखंडाला एक बारीक ओरखडा पुरतो. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि मुलाम्याखालून गंज पसरत जातो. वरून हूक चकचकीत, आतली स्प्रिंग संपलेली. पितळी किंवा चांगल्या स्टेनलेसचा हूक घ्यावा आणि समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा.

हे मी काकांना सांगत होतो तेव्हा त्यांनी नवी दीड मीटरची लीश समोर धरली. "ही बघा, हूक पितळी. दोनशे रुपये जास्त घेतलेत." मी त्यांच्या फ्रीजवरचं चर्चचं चित्र असलेलं चुंबक काढून हूकच्या जाड कडीजवळ नेलं. पितळ चुंबकाला दाद देत नाही.

टक्कन चिकटलं. काका चुंबकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुंबकच खराब असेल हो."