‘वजन स्थिर होईपर्यंत’: ग्रॅव्हिमेट्रीमागची गोष्ट

बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये आम्ही सगळ्यांनी एक ओळ उतरवलेली आहे: ‘मूस तापवावी, डेसिकेटरमध्ये गार करावी, तोलावी, वजन स्थिर होईपर्यंत हीच कृती पुन्हा करावी.’ (डेसिकेटर म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणाचं भांडं.) लिहायला सोपी. नागपूरच्या उन्हाळ्यात पाळून बघा. बॅलन्सजवळ वारा चालत नाही, म्हणून पंखा बंद. कूलर लावला तर हवेत ओल येते आणि मुशीतला ॲल्युमिना ती ओढून घेतो, म्हणून कूलरही बंद. बाहेर 45 अंश आणि शेजारी मफल फर्नेस, म्हणजे मूस भाजायची भट्टी. एकदा घाईत मी मूस कोमट असतानाच तोलली. वजन कमी भरलं आणि पुढच्या खेपेला वाढलं. गरम मुशीभोवतीची हवा वर चढते आणि पारड्याला उचलून धरते, हे तेव्हा कळलं. अटेंडंट काका एवढंच म्हणाले, ‘गार होऊ दे ना बाप्पा, पळून नाही जात ते!’

ही ओळ ग्रॅव्हिमेट्रीची, म्हणजे तोलून एखाद्या पदार्थातला घटक किती ते काढण्याची. त्या एका ओळीमागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे.

तोलून पारखण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यात कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सोनं पाहतात, तो झाला अंदाज. पक्का निकाल हवा असेल तर नमुना शिशाबरोबर हाडाच्या राखेच्या सच्छिद्र वाटीत वितळवतात. हिणकस धातूंना घेऊन शिसं वाटीत जिरतं, मागे मणी उरतो. त्यातली चांदी नायट्रिक आम्लाने काढायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. हॉलमार्किंगच्या काळातही सोन्याच्या शुद्धतेचा प्रमाण निवाडा याच पद्धतीने होतो. ही ग्रॅव्हिमेट्रीच आहे, फक्त आगीतली.

पण आग धातूंपुरती. पाण्यातलं सल्फेट किंवा मातीतलं कॅल्शियम कसं तोलणार? स्वीडनमधल्या उप्सालाच्या तोर्बर्न बर्गमनने 1780 च्या आसपास यावर तोडगा मांडला: घटक सुटा करायची गरजच नाही. तो ज्यात पूर्णपणे बांधला जाईल असा न विरघळणारा क्षार पाडा, तो तोला आणि प्रमाणावरून हिशेब करा. आज आपण ज्याला ‘फॅक्टर’ म्हणतो तो हाच. बेरियम सल्फेटच्या वजनाला 0.1374 ने गुणलं की गंधक मिळतं. बर्गमनच्या काळात अणुभार माहीतच नव्हते, त्यामुळे प्रत्येक फॅक्टर त्याला प्रयोगाने काढावा लागला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएचं नाव इथे सगळे घेतात. तराजूला मान त्याने मिळवून दिला हे खरं, पण रोजच्या हातकामाची शिस्त आपल्याकडे दुसऱ्याकडून आली, असं मला वाटतं.

तो दुसरा म्हणजे बर्लिनचा औषधविक्रेता मार्टिन क्लाप्रोट. 1789 मध्ये युरेनियम आणि झिर्कोनियम ओळखणारा तोच. अवक्षेप (द्रावणातून पाडलेला न विरघळणारा क्षार) वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा किंवा भाजायचा, हा आग्रह त्याचा. नमुना कुटताना खल झिजून किती चुरा त्यात मिसळतो, हेही तो हिशेबात धरायचा. पण त्याची खरी मोठी गोष्ट बेरजेची. तोवर घटकांच्या टक्क्यांची बेरीज 100 आली नाही तर आकडे जुळवून टाकायची पद्धत होती. (आमच्या प्रॅक्टिकलला ती अजून जिवंत आहे: उत्तर आधी सीनियरकडून कळतं, रीडिंग मागाहून सुचतं.) क्लाप्रोट जी बेरीज आली तीच छापायचा, तूट असली तरी.

अशा तुटीतून काय निघू शकतं याचं उदाहरण म्हणजे एल्बा बेटावरचं पोल्युसाइट हे खनिज. 1846 मध्ये फ्रायबर्गच्या प्लाटनरने त्याचं विश्लेषण केलं. बेरीज आली 92.75. पुन्हा करावं तर नमुना संपलेला. त्याने आकडा तसाच प्रसिद्ध केला. पुढे 1860 मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांना वर्णपटात सीझियम सापडलं आणि 1864 मध्ये पिसानीने दाखवून दिलं की प्लाटनरने पोटॅशियम म्हणून जे तोललं ते सीझियम होतं. पोटॅशियमचा अणुभार 39, सीझियमचा 133. तोलण्यात चूक नव्हतीच, फॅक्टर भलत्याचा लागला होता. त्याने आकडे जुळवून 100 केले असते तर पुढे कोणाला शंका तरी आली असती का?

बाकीचा इतिहास सुधारणांचा. स्वीडनच्या बर्झेलियसने कमी राखेचा गाळणकागद रूढ केला आणि अणुभारांचे तक्ते दिले. अमेरिकेच्या गूचने 1878 मध्ये तळाला छिद्रं असलेली मूस आणली. 1905 मध्ये रशियाच्या चुगाएवने डायमिथाइल ग्लायऑक्झाइम हे रसायन निकेलशी जुळून लाल अवक्षेप देतं, हे दाखवलं. प्रॅक्टिकलमधला तो गुलाबी-लाल अवक्षेप पाहून आजही वर्गात ‘वा!’ निघते.

नागपुरात या विद्येला गिऱ्हाईक लगेच मिळालं. जिल्ह्यात मँगनीजचं खाणकाम 1900 च्या सुमारास सुरू झालं आणि आजच्या विज्ञान संस्थेचं मूळ असलेलं व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स 1906 मध्ये निघालं. खनिजाचा भाव मँगनीजच्या टक्क्यांवर ठरतो आणि सिलिका वाढली की पडतो. ती सिलिका काढायची रीत तीच: आम्लात न विरघळलेला गाळ गाळा, भाजा, तोला. पुढे कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. आसपासच्या कोळशाचा हिशेबही वजनाचाच: 108 अंशांवर ओल उडते, 815 अंशांवर राख उरते, आणि त्या राखेवरून खाणवाले आणि वीज केंद्रवाले यांची हुज्जत चालते.

1958 मध्ये शहरात आलेल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 1978 पासून नागपूरसह दहा शहरांची हवा मोजायला घेतली. धूळही तोलूनच मोजतात. पंप कागदातून हवा ओढतो, आणि कागदाचं आधीचं वजन नंतरच्या वजनातून वजा करायचं. दिवाळीच्या दिवसांत तो कागद काळपट होऊन येतो. लगेच काट्यावर ठेवायचा मोह होतो, पण आधी चोवीस तास त्याला ठरलेल्या तापमानात, कोरड्या हवेत ठेवावं लागतं.