ऊ डोक्यात राहते, ढेकूण दप्तरातून येतो

वर्गात एखादे मूल सारखे खाजवताना दिसले की कुणी म्हणते उवा झाल्या, कुणी म्हणते घरात ढेकूण झाले असतील. दोन्ही कीटक माणसाच्या रक्तावर जगतात, दोघांनाही पंख नाहीत, उडीही मारता येत नाही आणि दोघांच्या चाव्याने खाज सुटते, त्यामुळे ही गल्लत होणे स्वाभाविक आहे. मात्र उवांचा उपाय ढेकणांवर केला, तर ढेकूण जिथल्या तिथेच राहतात आणि मुलाच्या डोक्याला विनाकारण औषध चोळले जाते.

खरा फरक वस्तीचा आहे. ऊ केसांतच जन्मते, दिवसातून अनेकदा तिथेच रक्त पिते आणि डोक्यावरून खाली पडली तर साधारण एक-दोन दिवसांत मरते. ढेकूण अंगावर वस्ती करीत नाही. तो गादीच्या शिवणीत किंवा पलंगाच्या सांध्यात दडून बसतो, बहुधा रात्री बाहेर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि पुन्हा फटीत शिरतो. शिवाय उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरू शकतो. म्हणून उवा मुलाच्या डोक्यात शोधायच्या आणि ढेकूण मुलाच्या वस्तूंत.

पसरण्याची रीतही यावरूनच ठरते. उवा प्रामुख्याने डोक्याला डोके लागल्याने जातात. ढेकूण दप्तर, जाकीट किंवा पांघरूण यांतून प्रवास करतो. शाळेत रात्री कुणी झोपत नाही, त्यामुळे तिथे त्याचे बस्तान सहसा बसत नाही. वर्गात एक ढेकूण सापडला म्हणजे शाळाभर ढेकूण झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. तो बहुधा कुणाच्या तरी सामानातून आलेला असतो, आणि दुसऱ्या दप्तरात शिरला तर दुसऱ्या घरी पोहोचतो. एकमेकांवर रचलेली दप्तरे आणि एकाच खुंटीवर कोंबलेली जाकिटे त्याला हा रस्ता सोपा करून देतात; प्रत्येकाची वस्तू सुटी ठेवणे हा साधा उपाय आहे.

ओळख पटवायची तर उजेडात नीट पाहावे. ऊ दोन-तीन मिलिमीटरची, करड्या रंगाची असते आणि तिच्या लिखा टाळूजवळ केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख पडत नाही. मोठा ढेकूण सुमारे पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. दप्तर पांढऱ्या चादरीवर रिकामे करून ते उलटे करावे आणि तळाची शिवण, चेनच्या कडा व पट्ट्यांचे टाके विजेरीच्या उजेडात तपासावेत. शाईचे बारीक थेंब पडल्यासारखे काळे डाग, टाकलेली फिकट कात किंवा सुमारे एक मिलिमीटरची पांढरी अंडी दिसली, तर संशय पक्का होतो. केवळ चाव्यांवरून निदान करू नये, कारण डासांचे चावेही तसेच दिसतात.

उवांसाठी बारीक दातांची फणी, उवांचे औषध आणि नव्याने निघालेल्या पिल्लांसाठी ठरल्या दिवशी दुसरी फेरी पुरेशी असते. ढेकणांचे काम अधिक चिकाटीचे असते. कपडे कडक गरम पाण्यात धुऊन सुकवणी यंत्रात तीव्र उष्णतेवर अर्धा तास फिरवल्यास अंड्यांसह ढेकूण मरतात. गादी नुसती उन्हात टाकण्यावर विसंबू नये. ती वरून तापते, आतपर्यंत तितकी तापत नाही. दप्तरावर कीटकनाशक फवारणे तर मुलासाठीच घातक आहे. घरात ढेकूण मुरले असतील, तर जाणकार कीटकनियंत्रकाला बोलवावे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती मुलाच्या मनाची. उवा काय किंवा ढेकूण काय, दोन्ही स्वच्छ घरातही येतात. ढेकणांमुळे माणसात रोग पसरल्याचे सिद्ध झालेले नाही आणि डोक्यातल्या उवाही रोग पसरवत नाहीत. म्हणून वर्गात एखाद्या मुलाच्या वस्तूंत ढेकूण सापडल्यास शिक्षकांनी तो चिकटपट्टीत पकडून ओळख पटवून घ्यावी, त्या मुलाच्या पालकांना खासगीत सांगावे आणि मुलाला घरी न पाठवता त्याचे दप्तर दिवसभरासाठी झिपच्या पिशवीत बंद करून ठेवावे.